तिले विचारलं का, शुभे?

मामा, त्या सकाळी तुमच्या घरात पाय ठेवला तेव्हा मला आधी उजेड दिसला, मग तुम्ही दिसलात. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. खिडकीतून कोवळं ऊन आत आलेलं, खाली तुम्हाला निजवलेलं, मामी तुमच्या गालावर हात ठेवून हंबरडा फोडून राहिलेली, अन् ते ऊन नेमकं तिच्या बांगड्यांवर. माझा हात खांद्यावरच्या बॅगेच्या चेनवर गेला होता. सख्खा मामा गेला अन् भाची फ्रेम जमवून राहिली! चेन अर्धी उघडली तेव्हा तुमचा आवाज आला, तोच, वस्सकन अंगावर येणारा: "शुभे, आधी बूड टेकव." मी मटकन खाली बसले. बायकांना वाटलं मला चक्कर आली. कोणीतरी धावत जाऊन पाणी आणलं.

तुमच्याशी मी कधी अशा छापील भाषेत बोलले नाही. तुम्ही ऐकलं असतं तर म्हणाला असता, "लय पेपरवाली झाली का वं?" काय करू, अमरावतीत पेपरच्या ऑफिसात राहून लिहिताना हात असाच वळतो. फोटोग्राफर म्हणून गेले, पण ओळी लिहायची सवय तिथलीच. तुमच्या मागे तुमच्याबद्दल चार ओळी लिहून दे, असं मला ऑफिसातूनही सांगितलं होतं. अकोल्यातले जुने छायाचित्रकार, मनमिळाऊ स्वभाव, असं काहीतरी. मनमिळाऊ! तुम्ही! नवरीला दरडावून हसवणारा माणूस. "हस ना बाई, लग्न हाय तुहं, इंजेक्शन नाही." ते मी लिहून दिलं नाही. हे लिहून राहिले.

आधी फोटोचं सांगते, कारण तुम्हाला तेच आधी ऐकायचं असेल. मी बसून राहिले. बॅग मांडीखाली दाबून बसले म्हणा ना. बऱ्याच वेळानं मामीनं मान वर केली, मला शोधलं आणि म्हणाली, "शुभा, काढ वं आता. सगळ्याइले घेऊन काढ. त्यायनं किती जणाइचे काढले, त्यायचा कोन काढन?" मग मी उठले. काढला. आयुष्यभर मयतीच्या घरी जाऊन तुम्ही जसा काढत होता तसाच, समोरून, सगळे दिसतील असा, कोणाच्या तोंडाजवळ न जाता. फोटो हलला आहे, मामा. मामी म्हणते चांगला आला.

आणि मग मी तुमच्या पाया पडले. आयुष्यात पहिल्यांदा. आपल्याकडे मामानं भाचीच्या पाया पडायचं, भाचीनं मामाच्या नाही. लहानपणी दर्यापूरला तुम्ही आमच्या घरी आलात की केसांना काळाकुळीत कलप लावलेला तो दांडगा माणूस माझ्या मळक्या पायांना हात लावायचा, अन् मी खीखी हसायचे. एकदा उलट मीच वाकले तर केवढे ओरडलात! "मले पाप लावतं का वं?" त्या दिवशी ओरडायला तुम्ही नव्हता. तुमचे तळवे इतके गार होते की मी हात काढून घेतला, अन् मग पुन्हा ठेवला.

मला कॅमेरा तुम्ही दिलात. पोरीच्या जातीला हे काय शिकवता, म्हणून माझ्या बाबांनी तोंड वाकडं केलं होतं, तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, "पाव्हणे, पोळ्या बी शिकन अन् हे बी शिकन, तुमचं काय जाते?" सुट्टीत मी तुमच्या स्टुडिओत पडीक असायचे. लग्नात तुमच्यामागे दिव्याची छत्री धरून फिरायचे. बिदाई आली, नवरी आईच्या गळ्यात पडली, की तुम्ही लेन्सला टोपण लावायचात आणि मांडवाबाहेर जाऊन पाव्हण्यांच्या गाडीत रुखवताचं सामान चढवायला लागायचात. दुसऱ्या दिवशी पोरीचा बाप स्टुडिओत भांडायला यायचा. बिदाईचे फोटो कुठं? बाकी सगळे फोटोवाले तर बिदाईलाच खुर्चीवर चढतात! तुम्ही शांतपणे त्याला चहा पाजायचात, तो तुमचा पाकासारखा गोड चहा. "भाऊ, तुमी त्या वक्ती लेकरावानी रडत होते. थे मी पाहालं, तेवढं बस झालं." बाप खाली मान घालून चहा प्यायचा. काही जण मात्र पुढच्या लेकीच्या लग्नाला दुसरा फोटोवाला धरायचे, हेही खरं.

मयतीच्या घरची तुमची रीत मी तिथंच पाहिली. म्हातारं माणूस गेलं आणि घरात त्याचा एकही फोटो नसला की तुम्हाला बोलावणं यायचं. तुम्ही चपला काढायचात, बॅग बंदच ठेवायचात, अन् सतरंजीवर माणसांत जाऊन बसायचात. घरचं कोणी "काढा भाऊ आता" म्हणालं तर उठायचं. कोणीच काही म्हणालं नाही, तर तसंच उठून परत. मला एकदा घाई झाली होती, मी चेन उघडायला गेले, तर तुम्ही सगळ्यांदेखत खेकसलात, "आधी बूड टेकव. ज्याचं मानूस गेलं त्याले म्हनू दे." त्या दिवशी मला तुमचा इतका राग आला होता की घरी येईपर्यंत मी तुमच्या स्कूटरवर मुद्दाम मागे सरकून बसले.

तुम्ही म्हणाल, सगळं बरोबर करत होतो मी? नाही. तो माणूस मला आठवतो. आपण स्टुडिओत जेवत होतो, तो दारात उभा राहिला अन् म्हणाला, "माझी माय गेली तेव्हा तुमी आलते. बसले अन् निंगून गेले. कॅमेरा होता ना तुमच्यापाशी? मंग कावून नाही काढला?" त्याच्या घरात त्या गडबडीत कोणाला म्हणायचं सुचलं नव्हतं. तुमच्या हातात घास होता. तुम्ही तो खाली ठेवलात. "चुकलं भाऊ माह्यं," एवढंच म्हणालात. तो रडला नाही, भांडला नाही, नुसता भिंतीवरचे दुसऱ्यांचे फोटो पाहत राहिला अन् गेला. तुम्ही ते ताट तसंच उचलून आत नेलंत.

तेच मी तुमच्यावर फेकलं, मामा. बरोबर तेच, जिथं दुखेल तिथं.

अमरावतीच्या त्या पोलीस भरतीचं म्हणते मी. मैदानाच्या गेटबाहेर लिंबाच्या झाडाखाली मी उभी होते. पोरी धावून बाहेर येत होत्या, कोणी हसत, कोणी फोनवर. ती एक एकटीच आली. चार पावलं चालली आणि तिथेच मातीत बसली. एक बूट काढून तिनं छातीशी धरला अन् तोंड उघडं टाकून रडायला लागली. आवाजच फुटत नव्हता तिचा. मी दोन पावलं पुढे गेले, गुडघ्यावर बसले आणि काढला. एक नाही, बरेच काढले. हात जराही हलला नाही. मग पेपरच्या जीपमध्ये बसून तिथूनच ऑफिसला पाठवले. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर होता, केवढा तरी मोठा, खाली 'स्वप्न हुकलं' अशी ओळ. साहेबांनी पाठ थोपटली. दुपारपर्यंत तो फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरून राहिला होता. कोणी त्याला रडकं गाणं लावलं, कोणी खाली लिहिलं, ही काय चोर पकडणार. मला ते वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, आधी भारी वाटलं होतं.

तुमचा फोन सकाळीच आला होता, पानटपरीवरून. मागे गाड्यांचा आवाज.

"तिले विचारलं का, शुभे?"

"मामा, विचारलं असतं तर ते रडणं राहिलं असतं का?"

"नसतं राह्यलं. मंग?"

"मंग काय मंग? ते माझं काम आहे. लोकांना कळलं पाहिजे ना पोरी कशा जीव तोडतात ते."

"लोकाइले कळन. तिच्या घरच्याइले काय कळलं ते तुले मालूम हाय का?"

तेव्हा मी ते म्हणाले. म्हणाले, "तुमच्या विचारण्यापायी एका माणसापाशी त्याच्या मायचा एक फोटो नाही, मामा. ते आठवते ना?" तिकडे नुसत्या गाड्या ऐकू आल्या. मग तुम्ही म्हणालात, "आठवते ना बाई," अन् फोन ठेवलात.

त्यानंतर आपण त्या गोष्टीवर कधी बोललो नाही. मामीचं गुडघ्याचं दुखणं, लोणच्याच्या कैऱ्या, सगळ्यावर बोललो. मला अजून वाटतं, माझ्या बोलण्यात काहीतरी खरं होतं. काही फोटो न विचारता काढल्याशिवाय निघतच नाहीत, अन् ते निघायला पाहिजेत. यावर तुमच्याशी एकदा नीट भांडायचं होतं, तुमचा तो गोड चहा घेत, घसा फाटेस्तोवर. पण त्या पोरीच्या फोटोबद्दल नाही. तो तसला फोटो नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून तर एवढी चिडले.

भाऊबीजेला तुम्ही दर्यापूरला आईकडे आलात. जेवण झालं, तुम्ही मोरीपाशी हात धुवून राहिले होते, मी टॉवेल घेऊन उभी. तुम्ही माझ्याकडं न पाहता म्हणालात, "थे पोरगी हिवरखेडची हाय. तिकडचे एक लग्नवाले सांगत होते. उद्या चाललो मी. येतं का संग?"

"मला ड्युटी आहे."

"दिवाळीची?"

"हो."

मला सुट्टी होती अन् तुम्हाला ते माहीत होतं. तुम्ही टॉवेल घेतलात, तोंड पुसलंत, "बरं" म्हणालात. निघताना नेहमीसारखे वाकलात, माझ्या पायांना हात लावलात अन् अकोल्याच्या जीपमध्ये जाऊन बसलात. मी त्या हातांना नको म्हणायला पाहिजे होतं. निदान त्या दिवशी तरी. दुसरा दिवस मी आईकडे लोळून काढला, चिवडा खात.

तुम्ही जाऊन आलात का, काय झालं, हे मी विचारलं नाही. तुम्ही सांगितलं नाही. मी म्हटलं बरं झालं, मिटलं. अन् मग तो मामीचा पहाटेचा फोन.

तेरवी झाल्यावर पाव्हणे पांगले, तेव्हा मामीनं आपणहून विषय काढला. "हिवरखेडच्या त्या पोरीले कोन सांगन हे गेले म्हनून? दोन डाव जाऊन आले तिच्या घरी." मी विचारलं, काय बोलणं झालं? तर म्हणाली, "मले काय सांगतात ते! आले अन् ऊन लागलं म्हनून झोपले." दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा तुमच्या स्टुडिओत काउंटरवर ठेवला आणि अकोटची गाडी धरली. तिथून दुसरी. खांदा इतका हलका लागत होता की मी सारखी तिकडं हात लावून पाहत होते.

घर सापडायला त्रास पडला नाही. गावात "भरतीवाली पोरगी" म्हटलं की दाखवतात. माझ्या फोटोनं तेवढी ओळख तिला करून दिली आहे. अंगणात ती अन् तिची आई बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मी म्हटलं, अकोल्याचे फोटोवाले यायचे ना तुमच्याकडे, मी त्यांची भाची. पोरीचं तोंड उजळलं, मामा. "ते काका? बरे हायेत ना?"

मी सांगितलं. तिच्या हातातली जुडी हातातच राहिली. आई म्हणाली, "अरे देवा! चांगला मानूस होता बाई." अन् चहा ठेवायला आत गेली.

मग ती पोरगी मला तुमच्याबद्दल सांगायला लागली. तुमच्याबद्दल, मला!

"पयल्यांदा आले तं मी लय बोलली त्यायले. त्यायनं सांगतलं ना, तो फोटो माह्या हातून निंगाला बाई, म्या तुले विचाराले पाह्यजे होतं. मी पानी बी नाही देल्लं. जा म्हनलं. गेले. मंग दुसऱ्या खेपी आले तं आतच नाही आले. त्या वट्ट्यावर उन्हात बसले. म्हने, मी बसतो, तू म्हनशीन तं बोलतो, तू म्हनशीन तं जातो. लय वेळ बसले ते. मंग मायनंच च्या देला." ती जरा हसली. "साखर मांगत होते आनखी. जाताना माह्या पाया पडले. म्हने, तू मले भाचीवानी हायेस. एवढ्या मोठ्या मानसानं पाया पडल्यावर मी काय करू? माफ करून टाकलं."

मामा, तुम्ही हे काय केलंत? माझ्या नावाची शिवी तुम्ही खाल्ली. माझं ऊन तुम्ही सोसलं. माझी माफी तुम्ही मागून आणलीत अन् घरी येऊन एक शब्द बोलला नाहीत. मला त्या अंगणात तुमचा इतका राग आला, अन् त्याच वेळी इतकं भरून आलं, की समोर चहा आला तो मला दिसेना.

गप्प बसले असते तर चाललं असतं. तुम्ही सगळं मिटवून ठेवलं होतं. चहा प्यायचा, मामा तुमची आठवण काढत होते म्हणायचं, अन् दुपारच्या गाडीनं परत. तिचं मन शांत, माझं झाकलेलं. मला ते करावंसं वाटलं, खरंच वाटलं. पण ती बोलताना मधेच म्हणाली, आता सकाळी रस्त्यावर धावता येत नाही, पोट्टे मोबाईल काढतात, म्हणून मी अंधाराची वावराच्या धुऱ्यावर, बांधावर धावते. वट्ट्यावर तिचे बूट वाळत होते. तेच बूट. एक मी ओळखला.

मी म्हटलं, "तो फोटो त्यांनी नाही काढला. मी काढला."

तिची आई दारात थांबली. पोरगी माझ्याकडं पाहत राहिली, आधी तोंडाकडे, मग रिकाम्या खांद्याकडे.

"मंग ते कावून तसे म्हनले?"

"माहीत नाही. मला बोलावलं होतं त्यांनी. मी आले नाही."

तिनं जुडी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "तुमी त्या लिंबाखाली होत्या ना? मले दिसल्या होत्या. तुमी माह्याकडं आल्या अन् खाली बसल्या, तं मले वाटलं, पानी आनून रायल्या."

मामा, माझ्या बॅगेत त्या दिवशी पाण्याची भरलेली बाटली होती. कॅमेऱ्याच्या बाजूच्याच खिशात.

मी माफी मागितली. जमेल तशी, तुटक तुटक. तिनं ऐकून घेतलं. तिची आई म्हणाली, जाऊ दे वं, घरी आल्या त्या. पण पोरीनं मान हलवली.

"त्यायले माफ केलं ते केलं," ती म्हणाली. "ते त्यायचं. तुमचं मले पाहा लागन."

गाडीची वेळ झाली होती. मी उठले. निघताना तुमच्यासारखीच तिच्या पाया पडायला वाकले.

तिनं पाय मागे घेतले.